आखुड चुलीले, लांब कुडाले: भाषा तुलना कशी करतात ते ऐकायला शिकताना

तीन तुराट्या घ्या. एक वीतभर, एक हातभर, एक कमरेइतकी. विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात तुरीची मळणी उरकली की त्या हव्या तितक्या मिळतात, मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. सोबत एक वही आणि पेन. सुरुवातीला एवढंच सामान लागतं.

खेड्यावरच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आणि बोलीचा अभ्यास करायला पहिल्यांदाच गावात उतरलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत बरीच वर्षं शिकवलं. वर्गात वऱ्हाडी बोलणारी मुलं होती, घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी होती, काहींच्या घरात हिंदी होती. या सगळ्यांना एकाच फळ्यावर 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' शिकवताना माझ्या एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. तुलना म्हटलं की आपण विशेषणाकडे पाहतो, कारण शाळेत आपल्याला तसंच पाहायला शिकवलं. आपल्याकडच्या बहुतेक भाषांत मात्र विशेषण जागचं हलत नाही. सगळं काम दुसऱ्या बाजूला चालतं, ज्याच्याशी तुलना करायची त्या शब्दाच्या शेपटाला. तिथे पाहायची सवय लागली की मराठी, हिंदी, तेलुगू आणि पार जपानपर्यंतचं बरंच काही एका ओळीत दिसायला लागतं.

पहिली पायरी: वस्तू ठेवा, वाक्य विचारू नका

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथेच होते. माझीही झाली.

गावातल्या एका आजीकडे मी वही घेऊन गेलो होतो. 'ही तुराटी त्या तुराटीपेक्षा लांब आहे' हे तुमच्या बोलीत कसं म्हणता, असं विचारलं. आजी म्हणाली, "हे तुराटी त्या तुराटीपेक्षा लांब हाये." मी लिहून घेतलं. अशी वाक्यं महिनाभर गोळा केली. सगळी सारखी, आणि सगळीकडे माझंच 'पेक्षा' मला परत मिळालेलं. विचारणाऱ्याच्या तोंडचा साचा उत्तर देणारा उचलतो. तो मुद्दाम करत नाही, गुरुजींना बरं वाटावं म्हणून करतो.

मग एका दुपारी तीच आजी अंगणात कुडासाठी, म्हणजे काड्यांच्या भिंतीसाठी, तुराट्या निवडत बसलेली दिसली. मी नुसता शेजारी बसलो. हात चालू होते, तोंडही चालू होतं. नातवाला सांगत होती, "हे आखुड, हे लांब. आखुड चुलीले, लांब कुडाले." एकेक तुराटी उचलायची, मांडीवरच्या तुराटीला लावून पाहायची, आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायची. तासभरात तिने शे-दीडशे तुलना केल्या असतील. त्यांत 'पेक्षा' एकदाही आलं नाही. दोन वस्तूंना दोन उलट विशेषणं लावली की तुलना पुरी झाली. हीसुद्धा तुलनेची एक पक्की, जगभर चालणारी रीत आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

म्हणून वस्तू समोर ठेवा आणि गप्प राहा. बोलावंच लागलं तर मोकळा प्रश्न टाका: "यातली कोनती घेऊ?" कारण विचारलं की तुलना आपोआप येते. आठवडी बाजारात भाजीच्या ढिगाजवळ उभं राहा. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे असताना मागे थांबा. कापसाची गाडी भरताना पहिल्या वेच्याचा कापूस आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या झाडांचा, कापूस यांबद्दल माणसं काय बोलतात ते ऐका. 'हा पांढरा, तो कवडी' अशी वाक्यं तिथे सहज पडतात. भावाची गोष्ट निघाली तर विशेषणही लागत नाही. 'भाव चढला', 'भाव उतरला' म्हटलं की कालच्याशी तुलना झालीच.

दुसरी पायरी: वाक्य चार तुकड्यांत मोडा

'गाय बैलापेक्षा शांत आहे.' हे वाक्य तराजूसारखं पाहा. एका पारड्यात गाय, तिला तोलायचं आहे. दुसऱ्या पारड्यात बैल, तो माप. 'पेक्षा' ही मापाला लावलेली खूण. आणि 'शांत' हा गुण.

तोललेला, माप, खूण, गुण. वहीत चार रकाने आखा आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य त्यांत बसवा. एखादा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, ओढूनताणून भरू नका. आजीच्या वाक्यात खूण नव्हती. ते रिकामं घरच तुमची नोंद.

तिसरी पायरी: आधी मराठीच्या खुणा नीट ओळखा

इथे घाई करू नका. आपली भाषा आपल्याला येते या समजुतीत आपण ती कधी पाहतच नाही.

सर्वांत वापरातली खूण 'पेक्षा'. ती 'अपेक्षा' या संस्कृत शब्दातून आली, आणि त्याच्या मुळाशी 'ईक्ष्' म्हणजे पाहणे आहे. 'तुझ्यापेक्षा मोठा' म्हणजे तुझ्याकडे पाहता मोठा. व्याकरणात हे शब्दयोगी अव्यय, म्हणून ते लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं: घोडा, घोड्यापेक्षा; विहीर, विहिरीपेक्षा; मी, माझ्यापेक्षा. वऱ्हाडीत हेच 'माह्यापेक्षा', 'तुह्यापेक्षा' होतं. बाहेरून मराठी शिकायला आलेल्याची खरी अडचण या सामान्यरूपात असते, तुलनेत नसते. 'घोडापेक्षा' म्हणणाऱ्याला तुलना समजलेली असते, घोड्याचं रूप तेवढं चुकलेलं असतं. दुरुस्ती करताना हे लक्षात ठेवा.

दुसरी खूण 'हून', आणि ती माझी आवडती. 'असं झालं तर सोन्याहून पिवळं' आपण रोज म्हणतो. आता हे वाक्य घ्या: 'मी अमरावतीहून आलो.' तोच प्रत्यय. एका ठिकाणी निघण्याची जागा दाखवतो, दुसऱ्या ठिकाणी मोजण्याची. सोन्यापाशी उभं राहायचं आणि पिवळेपणाच्या वाटेने तिथून पुढे निघायचं. तुलना म्हणजे एक प्रकारचा प्रवास, आणि माप हे त्याचं सुरुवातीचं गाव. हे चित्र एकदा मनात ठसलं की पुढच्या अनेक भाषा सोप्या जातात.

जुन्या माणसांच्या तोंडी 'परीस' ही तिसरी खूण येते. 'तुह्यापरीस तुहा भाऊ बरा.' ती ऐकली की तारीख घालून टिपून ठेवा. शाळा शिकलेल्यांच्या बोलण्यातून ती निघून चालली आहे.

सगळ्यांत पुढचा कोण हे सांगायला मराठी मापाला 'त' लावते: सगळ्यांत मोठा, गावात मोठा. सगळ्यांच्या मधोमध उभा करून मोठा. 'बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठा' म्हटलं की तो घोळक्याच्या बाहेर काढला जातो. म्हणूनच तिथे 'बाकीच्या' हा शब्द आपसूक येतो. मुलांना विचारून पाहा, त्यांना हा फरक कानाने कळतो.

गुणाच्या रकान्यात मात्र काही घडत नाही. 'मोठा' हा 'मोठा'च राहतो. बदललाच तर तोललेल्याच्या लिंगवचनाप्रमाणे: 'बैल गायीपेक्षा मोठा', 'गाय वासरापेक्षा मोठी'. माप पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, त्याचा गुणावर परिणाम नाही. आणि उंच, जड, गोड, लांब ही विशेषणं तर तेवढीही हलत नाहीत.

आता त्या तीन तुराट्या काढा. दोनच पुढे ठेवून पहिलीतल्या मुलाला विचारा, "मोठी कोनती?" तो हातभराची उचलेल. मग तिसरी, कमरेइतकी ठेवा आणि तोच प्रश्न तसाच विचारा. आता तो ती उचलेल. शब्द एकच, 'मोठी'. दोन वस्तू असताना त्याचा अर्थ 'दोघींतली मोठी' झाला, तीन असताना 'सर्वांत मोठी' झाला. किती वस्तू आहेत हे डोळ्याला दिसतंय, मग शब्दाने ते पुन्हा कशाला सांगायचं? इंग्रजी शिकवताना याची फार गरज पडते.

नात्यांतही तुलना मुरलेली आहे. आपल्या भागात बापाच्या थोरल्या भावाला 'मोठेबाबा' म्हणतात आणि त्याच्या बायकोला 'मोठीमाय'. मोठे कोणापेक्षा? बापापेक्षा. माप बोलून दाखवलेलं नाही, पण घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. थोरला, धाकटा, मधला हे शब्दही असेच. एकुलत्या एक मुलाला कोणी धाकटा म्हणत नाही.

चौथी पायरी: कुठल्या बाबतीत, ते विचारा

गडचिरोली जिल्हा मोठा की यवतमाळ? क्षेत्रफळ पाहिलं तर गडचिरोली: सुमारे 14,412 चौरस किलोमीटर, यवतमाळ 13,582. माणसं मोजली तर यवतमाळ कितीतरी पुढे. 2011 च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या 27 लाखांवर होती, गडचिरोलीची साधारण पावणेअकरा लाख. दोन्ही वाक्यांत शब्द 'मोठा'च. म्हणून वहीत गुणाशेजारी बारीक अक्षरात लिहा: लांबीने, वयाने, वजनाने, किमतीने. 'मोठा भाऊ' वयाने मोठा असतो, उंचीने धाकट्याच्या खांद्याला लागत असला तरी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. 'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण मला तुलनेच्या व्याकरणाचा सगळ्यांत चांगला धडा वाटते. वीट मऊ असते का? डोक्यात बसली तर कळतं. म्हणीत वीट मऊ आहे असं म्हटलेलंच नाही, दगडाच्या शेजारी ती मऊ ठरते एवढंच म्हटलं आहे. बहुतेक भाषांत हे असंच आहे: तुलनेच्या वाक्यातला गुण त्या वस्तूत खरोखर असेलच असं नाही. आजीच्या 'हे आखुड, हे लांब' या रीतीत मात्र गोष्ट जरा वेगळी. तिथे दोघींना सरळ नाव ठेवलं जातं, एक आखूड ठरते, एक लांब. दोन तुराट्यांत अंगठ्याएवढाच फरक असेल तर माणसं 'आखूड-लांब' म्हणतात की 'पेक्षा' वापरतात, हे मुद्दाम तपासून पाहा. तुराटी मोडून तीन जोड्या करा, एकीत वीतभर फरक, दुसरीत चार बोटं, तिसरीत बोटभर. अख्खी दुपार यात रमून जाते.

पाचवी पायरी: शेजारच्या भाषांत डोकावा

हिंदीपासून सुरुवात करा, ती आपल्याकडे सगळ्यांच्या कानावर आहे. 'राम श्याम से बड़ा है.' इथे खूण 'से', आणि हेच 'से' 'नागपुर से आया' मध्येही आहे. आपल्या 'हून'सारखंच, निघण्याच्या जागेचं. सर्वांत मोठा म्हणजे 'सबसे बड़ा'. आपण सगळ्यां'त' म्हणतो, हिंदी सगळ्यां'पासून' म्हणते. आपल्या मुलांच्या हिंदीत 'मेरे पेक्षा बड़ा' ऐकू येतं. रागावू नका. मुलाने हिंदीचे तीन रकाने बरोबर भरले आणि खूण घरची वापरली. खूण तेवढी बदलायला सांगा.

संस्कृतातही मापाला पंचमीच लागते. 'जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी' हे अनेक शाळांच्या भिंतीवर असतं. 'स्वर्गात्' म्हणजे स्वर्गाहून. संस्कृत विशेषणालाही हात लावते: 'गुरु'पासून 'गरीयस्', आणि स्त्रीलिंगी 'गरीयसी'. तर-तम हे प्रत्यय आपण आजही वापरतो. पाचवी-सहावीच्या गणितातले लसावि आणि मसावि आठवा. लघुतम म्हणजे सर्वांत लहान, महत्तम म्हणजे सर्वांत मोठा. 'तारतम्य' हा आपला शब्दही याच 'तर' आणि 'तम' मधून झाला. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ हे तर मुळातच 'सर्वांत' अर्थाचे शब्द. मराठीत ते साधी विशेषणं होऊन बसले, त्यामुळे आपण 'त्याच्यापेक्षा ज्येष्ठ' आणि 'सर्वांत ज्येष्ठ'ही बिनदिक्कत म्हणतो. ते चूक आहे असं म्हणू नका. शब्द मराठीत आला की मराठीच्या चालीने चालतो.

तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाकडे नेमणूक झाली असेल तर तेलुगू कानावर पडेल. 'अन्न तम्मुडि कंटे पोडुगु': मोठा भाऊ लहान भावापेक्षा उंच. खूण 'कंटे', मापाच्या मागे लागलेली, आणि गुण जसाच्या तसा. भाषा द्राविडी कुळातली, पण रकाने आपल्याच क्रमाने भरतात: तोललेला, माप, खूण, गुण. 'अन्न' म्हणजे थोरला भाऊ, 'तम्मुडु' म्हणजे धाकटा. रोजच्या तेलुगूत नुसत्या 'भावा'ला शब्द नाही. भाऊ म्हणताक्षणी तुलना करावी लागते.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी हिंदुस्थानातल्या भाषांची जी मोठी पाहणी केली, तिचे खंड 1903 ते 1928 या काळात निघाले. मराठीचा खंड 1905 चा, आणि गोंडी, कोलामी, कोरकू ज्यात आहेत तो मुंडा आणि द्राविडी भाषांचा खंड 1906 चा. प्रत्येक भाषेसाठी 241 शब्द आणि वाक्यांची एक ठरावीक यादी होती. तिच्यात 'चांगला, अधिक चांगला, सर्वांत चांगला' होतं, 'उंच'चीही तशीच तीन रूपं होती, आणि एक वाक्य होतं: त्याचा भाऊ त्याच्या बहिणीपेक्षा उंच आहे. आता तेलुगूसारख्या भाषेत याचं भाषांतर करायला बसा. कुठला भाऊ, थोरला की धाकटा? बहीण कुठली? यादी बनवणाऱ्याला हा प्रश्न पडला नव्हता, भाषांतर करणाऱ्याला उत्तर दिल्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण वाक्य देऊन वाक्य मागण्याची मर्यादा यात स्वच्छ दिसते. म्हणून तुराट्या.

सहावी पायरी: घरात लपलेल्या तुलना शोधा

'प्राण गेला तरी बेहत्तर.' हा 'बेहत्तर' फारसी आहे. 'बेह' म्हणजे चांगलं, 'बेहतर' म्हणजे त्याहून चांगलं. हिंदीतलं 'बेहतरीन' म्हणजे सर्वांत चांगलं, 'बदतर' म्हणजे त्याहून वाईट. हा फारसी 'तर' आणि संस्कृतातला 'तर' सख्खी भावंडं आहेत, दोन्ही भाषा एकाच मुळाच्या. आपल्या मराठीत एकाच प्रत्ययाच्या दोन शाखा दोन दारांनी आल्या, 'उच्चतर' एका दाराने आणि 'बेहत्तर' दुसऱ्या.

अरबीची तऱ्हा त्याहून वेगळी. ती शब्दाच्या पोटात शिरून स्वर बदलते. 'कबीर' म्हणजे मोठा, 'अकबर' म्हणजे त्याहून मोठा किंवा सर्वांत मोठा. क-ब-र ही तीन व्यंजनं तीच, साचा दुसरा. 'करीम' म्हणजे उदार, 'अकरम' म्हणजे अधिक उदार. 'फाजील' हा मूळचा श्रेष्ठ, गुणवान या अर्थाचा शब्द मराठीत येऊन 'फाजील लाड'मध्ये अडकला, त्याच मुळाचं तुलनेचं रूप 'अफजल'. संत कबीर आणि बादशहा अकबर ही दोन नावं एकाच विशेषणाची दोन रूपं आहेत, हे वर्गात सांगितलं की मुलं दिवसभर दुसरी नावं घेऊन विचारत राहतात. आणि अरबीतही मापाला जी खूण लागते ती 'मिन', म्हणजे 'पासून'.

सातवी पायरी: इंग्रजीच्या तासाला घाबरू नका

'गणेश इज टॉल दॅन मी.' आपल्या मुलांचं हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. मूल इथे आळशीपणा करत नसतं. त्याने मराठीचं सूत्र नेमकं पाळलं: मापाला खूण लावली, गुण तसाच ठेवला. त्याला 'दॅन' सापडलं म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं एवढंच, की इंग्रजी गुणालाही खूण लावायला लावते. एकाच वाक्यात दोन ठिकाणी. मी फळ्यावर दोन रंगांचे खडू वापरतो, मापाची खूण पिवळ्याने आणि गुणाची खूण लाल. मराठी वाक्यात लाल खडू लागतच नाही, हे मुलांना स्वतः दिसलं पाहिजे.

उलट चूकही होते, 'मोअर टॉलर'. मुलाला आता कळलंय की गुणाला काहीतरी लावायचं, म्हणून सापडलं ते सगळं लावलं. ही प्रगतीची खूण आहे. लहान शब्दांना 'अर', लांब शब्दांना 'मोअर', हा ढोबळ नियम तेव्हा सांगा, त्याआधी सांगून उपयोग नाही. 'गुड, बेटर, बेस्ट' सरळ पाठ करून घ्या.

आठवी पायरी: जग किती रीतींनी तोलतं

लिऑन स्टासेन या डच भाषावैज्ञानिकाने 1985 साली 110 भाषांतली तुलनेची वाक्यं शेजारी ठेवून त्यांचे प्रकार लावले. पुढे भाषांच्या जागतिक नकाशासाठी त्याने 167 भाषा मोजल्या. आकडे पाहण्यासारखे आहेत.

78 भाषा जागेची खूण वापरतात: पासून, वर, कडे असं काहीतरी. आपलं 'हून', हिंदीचं 'से' याच घरातलं. जपानीत 'इनु वा नेको योरी ओओकीई', कुत्रा मांजरापासून मोठा, आणि 'योरी' म्हणजे पासून. तुर्कीत 'अंकारा इझ्मीरदेन ब्युयुक', तिथला 'देन'ही पासूनच. हे वाक्य मराठीत शब्दाला शब्द ठेवून करा, क्रमही बदलावा लागत नाही: अंकारा इझ्मीरहून मोठं.

34 भाषा आजीसारख्या बोलतात. ॲमेझॉनच्या जंगलातल्या हिश्कर्याना भाषेत 'वाराका उंच नाही, कायवेर्ये उंच आहे' म्हटलं की कायवेर्ये अधिक उंच हे सांगून होतं. मराठीत ही रीत म्हणींत पक्की बसली आहे: मूर्ती लहान पण कीर्ती महान.

33 भाषांत 'ओलांडणे, मागे टाकणे' अशा क्रियापदाने तुलना होते. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेत 'मूसा या फी अली त्सावो', मूसा अलीला उंचीत मागे टाकतो. आपल्याकडे हे रोजचं व्याकरण नाही, पण 'तो सगळ्यांना पुरून उरला', 'शेरास सव्वाशेर' यांत त्याचा वास आहे.

उरल्या 22. त्यांत इंग्रजीच्या 'दॅन'सारखा स्वतंत्र शब्द असतो, आणि या भाषा मुख्यतः युरोपात आहेत. पुस्तकात जी रीत आपण 'नियम' म्हणून आधी शिकलो ती या मोजणीत सर्वांत कमी निघाली. तुमच्या वर्गातल्या मुलाच्या घरची रीत जवळपास निम्म्या जगाची आहे. हे त्याला सांगा.

नववी पायरी: गोंडी, कोलामी, कोरकू बोलणाऱ्या घरी जाताना

गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी तिघींचं रक्ताचं नातं नाही, शेजाराचं मात्र शेकडो वर्षांचं आहे. त्यामुळे घरात दोन भाषा बोलणारा माणूस तुमच्या प्रश्नातलं 'पेक्षा' सहज आपल्या वाक्यात घालेल. पहिली पायरी इथे दुप्पट जपून पाळा.

गावातल्या ओळखीच्या माणसासोबत जा. काय करायचं आहे ते सरळ सांगा. आवाज फोनवर घ्यायचा असेल तर आधी विचारा, आणि घेतलेला लगेच ऐकवा. म्हाताऱ्या माणसांना स्वतःचा आवाज ऐकून फार गंमत वाटते, मग पुढचं बोलणं मोकळं होतं. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत कोणाचा वेळ घेऊ नका, जायचंच असेल तर वावरात जाऊन हाताला हात लावा. काम करता करता जितक्या तुलना ऐकू येतात तितक्या ओसरीवर बसून येत नाहीत.

तुराट्या तिथेही चालतात. दोन ठेवा, ऐका. तीन ठेवा, ऐका. मग दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभं करा. मग सारखेपणा विचारा, म्हणजे एकाच लांबीच्या दोन तुराट्या ठेवा: 'एवढी', 'इतकी', 'सारखी' यांच्या जागी काय येतं? मोठी माय, काका, थोरली बहीण यांना काय म्हणतात तेही त्याच बैठकीत विचारून घ्या, नाहीतर भावाबहिणीचं प्रत्येक वाक्य पुढे अडेल.

ऐकलेलं देवनागरीत जसं कानावर पडलं तसं लिहा, आपल्या मराठीच्या जवळ ओढू नका. प्रत्येक वाक्याखाली शब्दाला शब्द ठेवून अर्थ लिहा आणि मगच चार रकाने भरा. शेवटी एक वाक्य स्वतः बनवून म्हणून दाखवा. चुकलं तर घरातली लहान पोरं आधी हसतात आणि मग बरोबर करून सांगतात. ती दुरुस्ती वहीत सगळ्यांत वर लिहा, तारखेसह.